पाहुण्यांसाठी लाल

त्या वर्षी अवकाळी पावसाने झाडावरची कोकमं कुजली आणि आमच्या घरी आगळ, म्हणजे कोकमाचा रस, झालंच नाही. बाबांना उन्हाळ्यात सरबत लागतंच, म्हणून तळेऱ्याहून येताना मी हमरस्त्यावरच्या दुकानातून बाटली घेतली. दुकान आमच्याच वाडीतल्या चुलतभावाचं. बाटलीवर ‘अस्सल घरगुती’ असं छापलेलं. नात्यातला माणूस, तेव्हा शंका घ्यायचं कारण नव्हतं.

दोन-तीन दिवसांत बाबांच्या अंगावर पित्त उठलं. आमच्याकडे पित्तावर कोकमच देतात. मीही तेच केलं. त्याच बाटलीतलं सरबत त्यांना आणखी पाजलं. संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वासाला घरघर लागली. इस्पितळात इंजेक्शन दिल्यावर ते सावरले. काय काय खाल्लं, पाणी कुठलं, सगळं डॉक्टरांनी खोदून विचारलं. बाटलीचं ऐकल्यावर ते म्हणाले, असल्या बाटल्यांतल्या कृत्रिम रंगाने काहींना असं होतं, पुन्हा थेंबही देऊ नका.

घरी आल्यावर मी शेजारणीकडून थोडी गेल्या वर्षीची सोलं, कोकमाची वाळवलेली सालं, आणून भिजवली. त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला, तशी लाली जाऊन ते काळपट हिरवं झालं. बाटलीतल्या सरबतात सोडा टाकला. नुसता फेस आला आणि गेला. रंग होता तस्सा लालभडक. कोकम त्यात नावालासुद्धा नसावं.

बाटली घेऊन मी दुकानात गेले. भाऊ गल्ल्यावर बसला होता. मागे स्वतःचा सत्कार होतानाचा फोटो, गळ्यात शाल, हातात नारळ. बाबांचं काय झालं ते मी त्याला सांगितलं. त्याने बाटली हातात घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ह्यां पावण्यांसाठी गो. त्येंका लालच लागता, खरा कोकम मळकट दिसता. तू कित्याक घेतलंस? माका सांगलं असतंस तर घराकडला दिलं असतंय.”

त्याला लाज वाटत होती, पण विष विकल्याची नव्हे. चुकीच्या गिऱ्हाइकाला विकलं गेल्याची. पाहुण्यांची पोरं त्याच्या हिशेबात माणसं नव्हतीच. दुकानापुढे घाटातून उतरलेली, तहानलेली माणसं आपल्या पोरांच्या हातात हौसेने पेले देत होती, आणि हा त्यांना अदबीने ‘या, बसा’ म्हणत होता.

मी अन्न-औषध खात्याकडे तक्रार केली. साहेब आले, नमुने घेऊन गेले, दुकान काही दिवस बंद राहिलं. मग दंड भरून तो सुटला आणि नवं लेबल चिकटवून पुन्हा बसला. वाडीतल्या शहाण्यांनी मलाच ऐकवलं. आपल्या माणसाच्या पोटावर पाय कशाला देतेस म्हणाले. बाबांच्या नरड्यावर पाय पडला तेव्हा यांतला एकही फिरकला नव्हता.

पुढे देवळाच्या वर्धापनदिनाला भावाने फुकट सरबताचं टेबल मांडलं. कपाळाला गंध, अंगावर झब्बा. जन्मभर कचेरीत खाली मान घालून नोकरी केलेले माझे बाबा काठी टेकत रांगेत उभे राहिले. मी अडवलं, तर हातानेच गप्प बस म्हणाले. त्यांची पाळी आली. भावाने पेला पुढे केला. बाबांनी तो घेतला आणि परत त्याच्यासमोर धरला.

“आधी तू पी,” ते म्हणाले.

भाऊ हसला. आजूबाजूला पाहू लागला.

“माका शुगर आसा, काका,” तो म्हणाला.

बाबांनी पेला टेबलावर ठेवला आणि ते बाजूला झाले. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं. त्यांच्या मागचा माणूस, आमच्या वाडीतलाच, एक पाऊल पुढे सरकला. त्याने तोच पेला उचलला, पिऊन टाकला आणि आपल्या बायकोसाठी दुसरा मागितला.