दोन चुली, एक पंगत

कापडगिरणीच्या भोजनगृहात मावशी स्वयंपाक करायच्या. गिरणीत डोंगराकडचे कामगार होते, तसे नदीकाठचेही. एकमेकांचं खाणंपिणं एकमेकांना चालत नसे. मुकादमानं एकीच्या नावाखाली सगळ्यांसाठी एकच हंडा चढवला, तेव्हा निम्मे लोक उपाशीपोटी कामाला गेले. मावशी तेव्हा नवीन होत्या. गाजावाजा न करता त्यांनी दुसरी चूल पेटवली. पळ्या वेगळ्या, भांडी वेगळी. जेवायला मात्र सगळे एकाच दालनात, मांडीला मांडी लावून. थट्टामस्करी चाले. "मावशी, ह्याला जरा कमी वाढा, ह्याच्या वजनानं बाक कुरकुरतंय!"

मग शहरात दंगल पेटली. बाजारात गेलेला मावशींचा एकुलता एक मुलगा परतलाच नाही. मारणारे नदीकाठचे होते. मावशी डोंगराकडच्या.

त्या कामावर परतल्या तेव्हा दालनाच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी होती. वाढायला दोन खिडक्या. मुकादम हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्यासाठीच केलंय, मावशी. त्यांची तोंडं बघायला नकोत."

मावशी म्हणाल्या, "ज्यांनी माझ्या पोराला मारलं, ते कधी त्याच्या शेजारी बसून जेवले असते, तर हात उठला असता का त्यांचा? चुली दोन राहू द्या. पण असल्या खिडकीतून मी वाढायची नाही."

त्यांनी रोजच्यासारखं रांधलं आणि दोन्ही हंडे झाकून ठेवले. जेवणाचा भोंगा झाला. भिंतीच्या दोन्ही अंगांना माणसं ताटकळली. कुणी कुरकुरलं, कुणी शिवी हासडली. शेवटी नदीकाठचा एक म्हातारा विणकर उठला आणि खिळे उपसू लागला. पलीकडूनही कुणीतरी फळीला हात घातला.

तरी सगळं पूर्ववत झालं नाही. काहीजण डबा आणून अंगणात जेवू लागले, ते कायमचेच. नदीकाठच्यांना वाढताना मावशी मान वर करत नसत.

एकदा विणकरानं विचारलंच, "मावशी, आम्हाला माफ केलंत का?"

"नाही. अजून जमलं नाही. ताट पुढे करा, निवतंय."

म्हातारा खालमानेनं जेवला. दुसऱ्या दिवशी तो भोंग्याआधीच आला आणि नदीकाठच्यांचा जड हंडा चुलीवरून उतरवू लागला. मावशींनी त्याला हटकलं नाही. हंड्याचा दुसरा कान धरला.