साडूभाऊ आणि केंटकीची म्हातारी

आमच्या साडूभाऊंसारखा माणूस अख्ख्या सिंगापुरात दुसरा सापडायचा नाही, आणि एक आहे तेच पुष्कळ झालं, असं माझी मेहुणी म्हणते. ती त्यांची बायको असल्यामुळे तिला तसं म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. हा गृहस्थ दिवसभर एका बँकेत बसून लोकांच्या हिशेबातल्या चुका काढतो आणि संध्याकाळी क्वीन्सटाउनच्या आपल्या जुन्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं, की टाय सोडायच्या आधी तबकडी लावतो. तबकडी कसली? तर अमेरिकेतल्या डोंगरांत, कापसाच्या शेतांत आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या माणसांच्या गाण्यांची. गाणारे सगळे केव्हाच देवाघरी गेलेले. तबकडी इतकी जुनी, की निम्मं गाणं आणि निम्मी खरखर. एकदा कुणीतरी हौसेनं त्यांना तीच गाणी खरखर काढून, स्वच्छ करून भेट दिली. साडूभाऊंनी एक कडवं ऐकलं आणि म्हणाले, "डाळ धुवावी, तांदूळ धुवावेत. गाणं कसलं धुता?"

या मंडळींशी त्यांचं नातं श्रोत्याचं नाहीच, भाऊबंदाचं आहे. 'आमचा आंधळा गिटारवाला', 'त्या व्हर्जिनियाच्या बहिणी', असं ते बोलतात, आणि नवखा माणूस समजतो की हे सगळे दिवाळीला फराळाला येऊन गेले असावेत. एकदा आमच्याकडे जेवायला आले आणि श्रीखंडाची वाटी बाजूला सारून बसले. मी घाबरून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" तर एका फिडलवाल्याची पुण्यतिथी निघाली. तो फिडलवाला साडूभाऊंचे वडील शाळेत जायच्या आधीच गेलेला! बरं, इतकं प्रेम आहे तर एकदा तो मुलूख बघून यावा की नाही? ऑफिसनं खरोखरच अमेरिकेला पाठवायचं ठरवलं होतं. हे 'नको' म्हणाले. "तिथे आता आपल्या ओळखीचं कोण राहिलंय?" असं वर मलाच विचारलं.

मग त्यांनी बँजो घेतला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याच्या पोटात टॉवेल कोंबून रियाज चालायचा, तरी त्यांचा मुलगा आतून सिंगापुरी थाटात 'पुरे' म्हणून ओरडायचाच, "बाबा, एनफ लाह!" ही बातमी आमच्या गणेशमंडळाच्या सेक्रेटरींच्या कानावर गेली. आपल्याकडे बँजो म्हटलं की मिरवणूक आणि नाच! सेक्रेटरींनी न विचारताच विसर्जनाच्या कार्यक्रमात नाव घालून टाकलं. फेटे बांधून, लेझीम हातात घेऊन पोरं तयार. साडूभाऊ डफाला दांडी लावल्यासारखं ते वाद्य घेऊन आले, डोळे मिटले आणि पाण्यात बुडालेल्या खाणीचं एक रडगाणं सुरू केलं. चांगली सहा-सात कडवी! पोरं लेझीम धरून तशीच उभी. शेवटी एका काकूंनी पदरानं डोळे पुसले. साडूभाऊ खूश. "बाईला कळलं," म्हणाले. त्या काकूंच्या डोळ्यात उदबत्तीचा धूर गेला होता, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

तर अशा माणसाची टिंगल करण्यात माझी बरीच वर्षं मजेत गेली. मग माझी आई सांगलीहून आमच्याकडे राहायला आली आणि तिच्या गळ्यात गाठ निघाली. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. गाठ काढायलाच हवी, जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस अगदी तिला चिकटून आहे. बोलणं राहील, आवाज बदलू शकेल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. आता माझी आई काही गायिका नव्हे. पण कणीक मळताना, कपडे वाळत घालताना ती सतत काहीतरी म्हणत असते. मी त्या आवाजात लहानाचा मोठा झालो. तो बंद होणार म्हटल्यावर आईसमोर मी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊ रेकॉर्डर घेऊन हजर. आई म्हणाली, "इश्श! मला कुठे गाता येतं?" मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, की जाऊ द्या. पण त्यांनी पिशवीतून ढीगभर गवार काढली आणि आईपुढे वर्तमानपत्रावर ओतली. "मावशी, एवढी मोडून द्या. आमच्या घरी कुणाला वेळ नाही." मला हळूच म्हणाले, "डोंगरातल्या बायकासुद्धा रिकाम्या हातांनी कधी गायल्या नाहीत. नुसतं 'गा' म्हटलं की लाजायच्या." मी पंखा बंद करायला उठलो, तर मनगट धरून मला खाली बसवलं. "असू दे. पंख्यासकटच ते घर आहे." गवार निम्मी मोडून होईस्तोवर आई गायला लागली होती. मला निजवताना म्हणायची ती, तिच्या आत्यानं रचलेली अंगाई. त्यात माहेरापासून सासरपर्यंतच्या वाटेवरची सगळी गावं ओळीनं येतात. मी खाली मान घालून गवार मोडत राहिलो.

ऑपरेशन उत्तम झालं. गाठ साधी निघाली. पण आवाज जो बसला तो बसलाच, जाडा आणि फाटका. महिना झाला, दुसरा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढाच राहील. आई बोलेनाशी झाली. मानेनं हो-नाही करायची. भावाचा फोन आला की फोन माझ्या हातात द्यायची. कणीक मुकाट्यानं मळायची. आमच्या घरात इतकी शांतता मला ठाऊक नव्हती.

साडूभाऊ पुन्हा आले. माझी कल्पना, आता हे आईला तिचंच गाणं ऐकवणार. मी त्यांना दारातच अडवून म्हणालो, "कृपा करा, तेवढं नको." ते म्हणाले, "मला काय वेड लागलंय?" आणि त्यांनी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांतली एक म्हातारी लावली. साथ नाही, वाद्य नाही. आवाजाच्या पार चिंध्या झालेल्या, वर चढायला जावं तर तो मधेच तुटणारा. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. ती ऐकत राहिली आणि कितीतरी दिवसांनी आपण होऊन बोलली, त्या घोगऱ्या आवाजात. "हिचं कोण गेलंय हो?"

"मुलगा. खाणीत."

"तरीच." आईनं खुर्ची जवळ ओढली. "पुन्हा लावा."

त्यांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग आई म्हणाली, "हिचा आवाज तर माझ्याहून गेलेला आहे," आणि साडूभाऊ एकदम चिडल्यासारखे म्हणाले, "गेलेला? मावशी, हा आवाज ऐकायला मी रोज घरी येतो!" इतकं खरं बोलणं मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलंय. आईनं त्यांच्याकडे बघितलं. खाकरली. आणि अंगाई म्हणायला लागली. साडूभाऊंनी हळूच पिशवीतला रेकॉर्डर सुरू केला.

आता आई सांगलीला असते. साडूभाऊ क्वीन्सटाउनला आपल्या भाऊबंदांत सुखी आहेत, आणि मी त्यांची टिंगल पहिल्यासारखीच करतो. त्यांनी आईच्या अंगाईची दोन्ही रेकॉर्डिंगं मला दिली आहेत. पहिलं, गोड आवाजातलं, लावायला मन धजत नाही. दुसरं मात्र मी बुओना व्हिस्टाला ऑफिसला जाताना कानाला लावतो. आईचा आवाज वर चढतो, तुटतो, ती थांबते. "थांबा हं," म्हणते, आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढचं गाव घेते.