आईच्या लिफाफ्यावरची सही

पंडितबद्दल लिहायचं बरेच दिवस माझ्या मनात होतं. पण ज्यांच्यावरून सगळं घडलं त्या जाईबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसलं नसतं. गेल्या आठवड्यात विचारलं.

"विचारलंस ना? मग लिही," त्या म्हणाल्या.

"पंडित वाचेल, काकू."

"वाचू दे आता. पुष्कळ दिवस झाले."

तर पंडित मेश्राम. इकडे अमेरिकेत, रेडमंडला, आमच्या शेजारचं घर त्याचं. मूळचा नागपूरचा, इथल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर, वय पन्नाशीच्या अलीकडे, आवाज मात्र सभा गाजवणाऱ्याचा. दोन माणसांशी बोलतानाही मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतो. कुणाच्या घरी पाइप फुटला, कुणाला विमानतळावर सोडायचंय, पंडित हजर. पण समोरच्यानं विचारायच्या आत उत्तर द्यायचं, ही त्याची खोड. ती मी त्याला तोंडावर सांगितलेली आहे. तेव्हाही त्यानं माझं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

मतदान हा त्याचा जीव की प्राण. घरात बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि खालच्या टेबलावर वेगवेगळ्या राज्यांच्या नव्या मतदान कायद्यांचे छापून काढलेले कागद. कुठे फोटो आयडीची सक्ती झाली, कुठे मतपत्रिका टाकायच्या पेट्या कमी केल्या, कुठे टपालाच्या लिफाफ्यावर एक आकडा लिहायचा राहिला की मत बाद, सगळं त्याला तोंडपाठ. "ज्या हक्कासाठी आपल्या माणसांनी जन्म घालवले, तो हे लोक कागदांत अडकवतात," असं तो पोटतिडकीनं म्हणायचा. त्यात ढोंग नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. निवडणूक झाली की दुसऱ्या राज्यांतल्या अनोळखी लोकांना तो संध्याकाळभर फोन लावत बसायचा. तुमची सही जुळली नाही, तुमचं मत बाद होतंय, मुदतीच्या आत दुरुस्त करून घ्या, असं सांगायचं हे काम. इथे या कामाला स्वयंसेवक लागतात आणि पंडित त्यात सगळ्यांच्या पुढे.

आमच्या वॉशिंग्टन राज्यात त्या मानानं चैन आहे. मतपत्रिका टपालानं घरी येते. ती भरायची, म्हणजे हव्या त्या नावापुढचा गोल काळा करायचा, लिफाफ्यावर सही करायची आणि पोस्टात नाहीतर लायब्ररीपाशी ठेवलेल्या पेटीत टाकायची. निवडणूक कचेरीत त्यांच्याकडची जुनी सही आणि लिफाफ्यावरची सही ताडून पाहतात. जुळली की मत मोजतात. एवढं सोपं सगळं.

जाईबाई नागपुरातल्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या. सगळी नोकरी वॉर्डात काढली. मतदानाच्या दिवशी पांढरी साडी नेसून सकाळी पहिल्या रांगेत उभं राहायचं, हा त्यांचा नेम. पंडितचे वडील एका पक्षाचं काम करायचे. ते दरवेळी विचारायचे, "कोणाला दिलंस?" आणि जाईबाई दरवेळी म्हणायच्या, "शिक्का मारला." यापलीकडे नवऱ्याला कधी कळलं नाही. ही गोष्ट पंडित स्वतःच मोठ्या कौतुकानं सांगायचा. वडील गेल्यावर त्यानं आईला इकडे आणलं आणि काही वर्षांनी हट्टानं सिटिझनशिपही घ्यायला लावली. त्या आधी तयार नव्हत्या. भारताचं नागरिकत्व सुटलं की नागपूरचं मत जाईल, असं त्यांचं म्हणणं. "अगं, इथलं मिळेल ना!" पंडित म्हणाला, आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

मग इथल्या मतपत्रिका यायला लागल्या. पंडित डायनिंग टेबलावर त्या पसरायचा, उमेदवारांची माहिती असलेली जाड पुस्तिका उघडायचा, चहा मागवायचा आणि कामाला लागायचा. आधी स्वतःची, मग आईची. सगळे गोल काळे करून झाले की लिफाफा तिच्यापुढे सरकवायचा, "आई, इथे सही कर." पहिल्या वर्षी त्यानं बायकोचीही ओढली होती. मैत्री लायब्ररीत काम करते, तिचा आवाज बारीक पण निर्णय पक्का. "माझं मी बघते," म्हणून तिनं आपली मतपत्रिका उचलली आणि वर निघून गेली. जाईबाई मात्र पुढे आलेल्या लिफाफ्यावर सही करायच्या. त्यांना इंग्रजी वाचता येतं, मोतीबिंदूही काढून झालाय. पण मुलगा मायेनं करतोय, त्याला काय म्हणायचं? आणि पंडितला तरी कुठे वाटत होतं की आपण काही हिरावून घेतोय? तो आईचं काम हलकं करत होता.

दीड वर्षापूर्वीच्या नोव्हेंबरातली निवडणूक झाली आणि दोन-तीन दिवसांत जाईबाईंच्या नावानं कचेरीचं पत्र आलं. लिफाफ्यावरची तुमची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवलीत तर तुमचं मत मोजू.

पंडित पत्र नाचवत आमच्या दारात आला. "नीलाताई, बघा! आपल्या घरात! म्हाताऱ्या माणसाचा हात जरा थरथरला की मत बाद. मी ओरडून सांगत होतो की नाही?" खरं सांगायचं तर त्याला राग आला होता तसा थोडा आनंदही झाला होता. इतके दिवस जगाची उदाहरणं देत होता, आता घरचं मिळालं.

त्याच शनिवारी आमच्या मराठी मंडळात परिसंवाद होता. नवे कायदे मतदारांना दडपतात का, हाच विषय. प्रचार केल्याचा आरोप नको म्हणून आम्ही तो मुद्दाम निवडणुकीनंतर ठेवला होता. एका बाजूला पंडित, दुसऱ्या बाजूला विवेक. विवेक त्याच्याच कंपनीतला, थंड डोक्याचा माणूस.

"विमानात बसायला आयडी लागतं, मत द्यायला मागितलं तर काय झालं?" विवेक म्हणाला. "आणि यार पंडित, ज्या राज्यांच्या नावानं तू बोंब मारतोस, तिथे कायदा आल्यावरही लोकांनी भरभरून मतं दिली. टर्नआउट वाढलंय काही ठिकाणी. निकालात फरक पडला असंही प्रूव्ह होत नाही. मग बिघडलं काय?"

पंडित ताडकन उठला. "निकाल बदलला नाही म्हणून हक्क गेला नाही, असं होतं का? एका माणसाचं मत जरी त्याच्या हातून काढून घेतलं ना विवेक, तरी बिघडलं! सगळं बिघडलं!" टाळ्या पडल्या. मग त्यानं खिशातून ते पत्र काढलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे हात केला. "हे बघा. माझ्या स्वतःच्या आईचं मत."

विवेकनं अदबीनं माइक खाली आणून दिला. "काकू, तुम्हीच सांगा ना, काय झालं ते."

जाईबाई उभ्या राहिल्या. माइक जरा लांब धरला. "माझी सही चांगली आहे," त्या म्हणाल्या. "ऑफिसवाल्यांचीही काही चूक नाही." आणि बसल्या. सभागृहात हशा पिकला. पंडितही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती म्हणून परत येताना मी त्यांच्याबरोबर होते. पंडित गाडी चालवत होता, शेजारी जाईबाई, मागे मैत्री आणि मी. पाऊस झिमझिमत होता.

"आई, असं काऊन म्हणालीस?" घरात आणि रागात त्याचं नागपूर बाहेर येतं. "लोक हसले ना."

"खरं तेच बोलले. डाव्या हातानं केली होती मी सही."

"डाव्या? का?"

"मोजू नये म्हणून."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा हलली.

"कोणाचं मत होतं ते, पंडित?" जाईबाईंचा आवाज चढला नव्हता. "गोल तू काळे केले. मला एकदा तरी विचारलं, आई, तुला कोण बरा वाटतो? दोन मतं तुझी, माझं एकही नाही. तुझ्या बापाला आयुष्यभर सांगितलं नाही मी. तिथलं मत तुझ्या शब्दावर सोडलं, आणि इथलं तू घेतलंस."

"आई, मी आपल्याच विचाराच्या लोकांना..."

"आपल्या म्हणजे कोणाच्या?"

विचारायच्या आत उत्तर देणारा पंडित नुसता वायपरचा वेग वाढवत राहिला. मैत्री खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "मी माझी काढून घेतली. त्यांची नाही काढली." मला वाटलं गाडीतून उतरून चालत जावं. पण कार्यक्रमाचा विषय मीच सुचवला होता, आता कुठे पळणार?

घरी आल्यावर पंडितनं तो फॉर्म आईपुढे ठेवला. "तू ठरव, आई." सही केली तर मत मोजणार होते, पण लिफाफ्यात पंडितनेच काळे केलेले गोल होते. नवी मतपत्रिका मागायची वेळ टळून गेली होती. सही नाही केली तर मतच नाही. त्याला दोन्हीतलं काहीच सुधारता येईना. त्यानं कचेरीत फोन करून विचारलं, वेबसाइट धुंडाळली, पण बंद लिफाफ्यातलं मत बदलायची सोय कुठेच नव्हती. जाईबाईंनी फॉर्म घडी करून चष्म्याच्या डब्याखाली ठेवला. मुदत संपली तेव्हाही तो तिथेच होता.

त्यानंतरचा पंडित मी पाहिला आहे. मंडळात गप्प. लोकांना वाटलं विवेकनं हरवलं. संध्याकाळचे ते फोन त्यानं पुढच्याच आठवड्यात सोडले. एकदा आमच्या दारातली पानं ओढायला मदत करता करता म्हणाला, "नीलाताई, परवा एका म्हातारीला फोन लागला. मी म्हटलं, मॅडम, तुमचं मत मोजलेलं नाही. ती म्हणाली, कुणी केलं हे? आणि मी फोनच ठेवून दिला." दाताळ्यात अडकलेली पानं तो एकेक करून सोडवायला लागला. "मी चोर आहे हो. इतकी वर्षं चोर पकडायला जात होतो." मी त्याला, जाऊ दे रे, असं म्हटलं नाही. कारण जाऊ देण्यासारखं ते नव्हतं, आणि मलाही कधी जाईबाईंना विचारावंसं वाटलं नव्हतं, की काकू, तुम्ही कोणाला दिलंत?

फेब्रुवारीत शाळांसाठी जादा कर द्यायचा की नाही, यावर मतदान आलं. पंडितच्या अंगणात 'हो म्हणा' अशी पाटी आधीच लागली होती. आईच्या नावाचा लिफाफा आल्याबरोबर त्यानं ती उपटली आणि गॅरेजात भिंतीकडे तोंड करून ठेवली, आईवर दडपण नको म्हणून. जाईबाई टेबलापाशी भिंग घेऊन बसल्या. पंडित गॅरेजात जाऊन स्क्रू निवडत बसला. मध्येच त्यांनी हाक मारली, "पंडित, हा पैसा मास्तरांच्या पगाराला जातो का इमारतीला?" तो धावत आला आणि पुस्तिकेतली दोन्ही बाजूंची निवेदनं सपाट आवाजात वाचून दाखवायला लागला. आपलं मत डोकावू नये म्हणून त्याचा चेहरा इतका कोरा झाला होता, की मैत्रीला हसू आवरेना. "बस," जाईबाई म्हणाल्या. "जा आता." तो गेला.

पेटीपर्यंत न्यायला त्यांनी मला बोलावलं. त्याला नाही. उजव्या हातानं केलेली ठसठशीत सही मला दाखवली, लिफाफा आत सोडला आणि गाडीत येऊन बसल्या. पांढरी साडी नेसल्या होत्या, वर मैत्रीचं जाकीट.

मला राहवलं नाही. "काकू, विचारू का?"

"विचार ना. विचारायला काय हरकत आहे?"

"काय दिलंत?"

"हो म्हणून दिलं. पोरांच्या शाळेला नको का पैसे?" मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या नोव्हेंबरातही त्यानं केले तेच गोल काळे केले असते मी. सगळे. पुस्तिका मी आधीच वाचली होती."

मी स्टिअरिंगवरचा हात काढला. "अहो मग सांगा ना त्याला! बिचारा आतून पोखरून निघालाय. जेवत नाही धड."

"दिसतं मला. आई आहे मी त्याची." त्यांनी पट्टा ओढून घेतला. तो त्यांना लवकर लागत नाही, मी लावून दिला. "आज सांगितलं तर लगेच म्हणेल, मग बिघडलं काय?"