खिडकीतलं शैवाल

ती गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने खिडकीतल्या शैवालाच्या बरण्यांतलं पाणी बदललं, दुपारी कॉलेजात तास घेतला, संध्याकाळी दवाखान्यात तिचं हृदय थांबलं.

माझी बायको नारायणगावात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मी इतिहासाचा शिक्षक. नव्वदच्या दशकात आमचं लग्न झालं तेव्हा शैवाल म्हणजे पाय घसरवणारी गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. ती म्हणायची, याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही, आणि तरी ते उन्हावर स्वतःचं अन्न करतं. आणखी काय पाहिजे?

रविवारी आम्ही मीना नदीच्या घाटावर जायचो. धुणं धुणाऱ्या बायका तिला ओळखत होत्या.

"बाई, आमी पायऱ्या घासून दमलो न् तुमी घाण घरी न्यायला आलाय व्हय?"

"थोडीच नेते."

"थोडी कशाला? समदी न्या, आमची पाठ तरी वाचंल."

तीही त्यांच्याबरोबर हसायची आणि बोटांनी हिरवे, रेशमासारखे धागे उचलायची. हे हिरवं शैवाल. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या प्रत्येक पेशीत हिरवी फीत मळसूत्रासारखी वळत गेलेली दिसे. दगडांवरचा तपकिरी बुळबुळीत थर ती चमच्याने खरवडून घ्यायची. ते डायटम, त्यातल्या एकेका पेशीला काचेसारखी पेटी असते, झाकणासकट. निळ्या-हिरव्या शैवालासाठी आम्ही पावसाळ्यात शिनोलीच्या पुढे भातखाचरांत जायचो. त्यातले काही प्रकार हवेतला नायट्रोजन धरून भाताला खत पुरवतात. त्याला आता जिवाणूंत धरतात हे ती वर्गात सांगायची. घरी मात्र त्याची बरणी इतरांच्या रांगेतच असे. लाल शैवाल आणि खरं तपकिरी शैवाल बहुतेक समुद्रातलं. ते पाहायला कोकणात जायचं दरवर्षी ठरायचं आणि सुट्टी पेपर तपासण्यात जायची.

ती गेल्यावर लोक येत होते, बसत होते, चहा न घेता उठत होते. मी सकाळी बरण्या उन्हाकडे सरकवायचो आणि ऊन तापलं की मागे घ्यायचो. तिचं एवढंच काही अजून जिवंत होतं. ते जगवायचं, याखेरीज माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

दहाव्याला आम्ही पुरुष घाटावर गेलो. मागे बायकांनी घर धुवायला काढलं. आमच्याकडे त्या दिवशी सुतकातलं साठवलेलं पाणी घरात ठेवत नाहीत. हंडे, कळशा, माठ, सगळं ओतून देतात. लोणीहून आलेली माझी आत्या या कामात पुढे होती. मी परत आलो तेव्हा अंगणात बरण्या उपड्या घातल्या होत्या. घासून लख्ख केलेल्या.

"आत्या, यातलं पाणी?"

"वतून दिलं. लई घाण व्हतं, हिरवंगार. सुतकातलं पाणी ठेवत्यात का घरात?"

"ते शैवाल होतं. तिने वाढवलेलं."

 आत्या मोरीपाशी गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून बघत राहिली. जाळीवर साबणाचा फेस होता.

"काय घावतंय का बघते," ती म्हणाली. मग फेस हाताने बाजूला सारत म्हणाली, "मला काय म्हाईत, बाळा. मी तिचंच घर धूत व्हते."

ते खरंच होतं. मी आत्याला हाताला धरून उभं केलं.

दिवाळीनंतर मी एकटा घाटावर गेलो.  मला पाहून धुणं धुणाऱ्यांतल्या एकीने सरकून पायरी मोकळी केली. मी आणलेले धागे आठवड्यात पांढरे पडले. मी बरणी थेट नळाखाली भरली होती. नळाचं पाणी ती रात्रभर उघडं ठेवायची ते कशासाठी, हे तिच्या एका सहकाऱ्याला विचारल्यावर कळलं. पाण्यातलं औषध उडून जायला. तिने मला ते कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

डायटम मी दोनदा आणले, ते टिकले नाहीत. शिनोलीच्या बाजूला मी पुन्हा गेलो नाही.

आता खिडकीत एक बरणी आहे. त्या बरणीतलं शैवाल हिरवं आहे आणि ते मी आणलेलं आहे. तिच्या हातचं काही उरलेलं नाही.