तिसरा दाब

नगरच्या एका वर्गात मी दर रविवारी चिनी पद्धतीनं नाडी बघायला शिकत होते. घरचे हसायचे. शिकवणारे सर सांगायचे, "मनगटावर तीन बोटं ठेवायची. पहिला दाब हलका, दुसरा मांसापर्यंत, तिसरा थेट हाडापर्यंत. आणि नाडी बघताना आपण तिथं नसायचं. रिकामं भांडं व्हायचं." ताओ पंथ मानणाऱ्या जुन्या वैद्यांची ही शिकवण म्हणे. मला ती भलतीच आवडली. पारनेरजवळच्या आमच्या घरात सकाळी चहाआधी सगळ्यांचे हात माझ्यापुढे यायचे आणि मी डोळे मिटून रिकामी व्हायचे. निदान तसं मला वाटायचं.

एका सोमवारी, तिसऱ्या दाबाला, सासूबाईंची नाडी थांबली. टप, टप, टप, मग काहीच नाही. मग एकदम जोरात एक ठोका. सरांचं बोलणं आठवलं. अशा नाडीला जुने चिनी वैद्य गळक्या छपराची नाडी म्हणत, आणि ती लागलेला माणूस फार दिवस काढत नाही.

"हात मोडतीस का काय?" सासूबाई ओरडल्या. "जीव हाय का न्हाई, एवढंच बघ की."

"आहे, आई," मी म्हणाले. दवाखान्यात चला म्हटलं, तर "मला काय धाड भरलीय?" म्हणून त्या भाकरी थापायला बसल्या. मी आलं-खजुराचा काढा करून पाजला. दिवसभर त्यांच्या मागे-मागे फिरले आणि कधी नव्हे इतकं गोड बोलले. त्यांना माझाच संशय यायला लागला.

मंगळवारी नवऱ्याच्या मनगटातही तेच लागलं. तेवढीच शांतता, तोच उशिरा आलेला ठोका. दुपारी शेजारीण विरजण मागायला आली, तिचा हात मी जवळजवळ ओढूनच घेतला. तीन ठोके, आणि काहीच नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि माझे हातपाय गार पडले. ती आपली मुलीच्या बाळंतपणाचं सांगत राहिली. मला वाटलं, ही सगळी माणसं गेलेलीच आहेत, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

गोठ्यात जाऊन शेळीच्या मांडीच्या आत बोटं दाबली. शेळीची नाडी घाईची असायला हवी. तिथंही टप, टप, टप, आणि काहीच नाही. शेळी निवांत घास चघळत होती.

परत येताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून दाराची चौकट धरली. जुनं, कोरडं सागवान. बोटांना सवयच लागली होती, ती आपोआप दाबली गेली.

चौकटीला नाडी होती. टप, टप, टप. मग थांबली.

लाकडाला कुठली नाडी? इतकं दाबलं की समोरच्याची नाडी पार दबून जाते आणि उरते ती आपल्याच बोटांतली. रिकामं भांडं कसलं, प्रत्येकाच्या हातात मीच बसले होते. सगळ्यांचे हात धरले, स्वतःचा तेवढा कधी धरला नव्हता.

खरं सांगते, आधी हायसं वाटलं. आई वाचल्या. मग लक्षात आलं, थांबते ती माझीच.

सासूबाई बाहेर आल्या. "आता चौकटीला बी ताप आलाय व्हय गं?"

मी हात पुढे केला. "आई, जरा धरा."

त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी हात अलगद धरला, बाळाचा धरतात तसा. जरा वेळानं त्यांचं हसू गेलं.

"आगं, ही थांबती की," त्या म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली, "गाडी काढ रं, लवकर!"

आता माझ्या छातीत, कातडीखाली, पेसमेकर आहे. सासूबाईंची नाडी मी अजून बघते, हलक्या हातानं. त्याआधी मात्र दाराच्या चौकटीवर बोटं दाबते आणि ठोके मोजते. त्यात खंड पडला नाही, तरच आईंचा हात धरते.