वायंगणाच्या शेतातला उतार

हिवाळाभर मी बर्फात असतो आणि बाकीचं वर्ष गोव्यातल्या आमोण्यात, मांडवीच्या काठावर. हे सांगितलं की लोक आधी माझ्या रंगाकडे बघतात आणि मग थापा मारतोय म्हणून सोडून देतात. एकदा डिचोलीच्या बाजारात एका मासळीवालीने विचारलं होतं, "बर्फाच्या फॅक्टरीत आसास मां?" मी हो म्हणालो. मासळीच्या पाटीसमोर उभं राहून स्की-पार्क समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता.

खरं काम असं. हिमालयातल्या एका डोंगरावर लोक पायांना फळ्या बांधून घसरतात. त्या उताराच्या एका कडेला मी बर्फाचे उंचवटे रचतो: आधी बसल्या म्हशीच्या पाठीएवढे, मग त्याहून मोठे, मग उडी घ्यायचे चढ, आणि प्रत्येक चढापलीकडे उडी उतरायचा उतार. त्याला पार्क म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला ज्याला धड उभं राहता येत नाही, त्याने हंगाम सरता सरता हवेत जावं आणि धडधाकट खाली यावं, एवढ्यासाठीच सगळी रचना. बर्फ वितळला की पार्कही वाहून जातो. पुढच्या वर्षी कोऱ्या डोंगरावर परत पहिल्यापासून सुरुवात. मला ते आवडतं.

हे मी कुठे शिकलो, तर डिचोलीच्या खाणीवर. आमचं घराणं मूळचं सिंधुदुर्गातलं, खाणीच्या मागोमाग इकडे आलेलं. मी डंपवर डोझर चालवायचो. डंप म्हणजे खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचा डोंगर. खाणी बंद पडल्या आणि डोझर गवतात उभे राहिले. मग ओळखीतल्या एकाने सांगितलं की उत्तरेत उतारावर यंत्र चालवणारा माणूस हवाय. यंत्र आणि उतार दोन्ही मला ठाऊक होते. बर्फाचं नंतर बघू म्हणून गाडीत बसलो.

पहिल्याच हिवाळ्यात माझी फजिती झाली, आणि ती फक्त आमच्या खाणवाल्याचीच होऊ शकते. डंप रचताना प्रत्येक पायरीला आतल्या बाजूला, डोंगराकडे, जरासा कल द्यायचा असतो. नाहीतर पावसाचं पाणी कडेवरून धावतं आणि सगळा डंप खालच्या शेतात घेऊन जातं. हा कल माझ्या हातातच बसलेला. बर्फात पहिली उडी बांधली, तर उतरायच्या जागेलाही मी तसाच उलटा कल दिला, आणि वर मोठ्या समाधानाने बघत उभा राहिलो. तिथला एक पहाडी शिक्षक सगळ्यांच्या आधी उडाला, त्या उलट्या कलावर धाडकन आदळला आणि बसकण मारून गुडघे चोळत राहिला. "यहाँ बारिश आने वाली है क्या?" त्याने विचारलं. पाण्याची भीती मी एवढ्या लांब, जिथे पाणी धावतच नाही तिथे घेऊन आलो होतो. त्या दिवशी मला कळलं की हवेतून येणाऱ्या माणसाला सपाटी मारते आणि उतार झेलतो. जमीन त्याच्याबरोबर खाली जात राहिली की आपटायला काही उरतच नाही.

घरी आलो की दुपारी जेवून मी पडवीत आडवा होतो. नदीवरून गरम वारा येतो, पलीकडच्या काठावरचे माड हलतात, आणि अर्धवट झोपेत मला आमच्या खाणीचे डंप पांढरे झालेले दिसतात. लाल कडा गायब, सगळीकडे मऊ गोलाई. त्या गोलाईवर मी पुढच्या वर्षीच्या उड्या मांडत जातो. इथे जरा रुंद, इथे वळण, इथे थांबून श्वास घ्यायला जागा. जाग आली की अंगाला घाम असतो आणि पाय थंड. बायको म्हणते, तुमी घरात आसात पण हयसर नाय. ती म्हणते ते खरंच आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मी परत आलो, तेव्हा स्कूटर पडवीच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून उभी होती. बायकोचं माहेर हरमलचं. तिची आई तिथे एकटी असते, परदेशी पाहुण्यांना खोल्या देते. दर रविवारी बायको स्कूटरने आईकडे जायची. मी बर्फात असताना तर तो रविवार म्हणजे तिचा जीव की प्राण. त्या हिवाळ्यात हरमलला उतरणाऱ्या घाटीवर, वळणावरच्या खडीत चाक सरकलं. ती पडली, मनगट मोडलं. मनगट सांधलं. पण त्यानंतर उतार म्हटला की तिचे हात गोठत. गावातल्या सपाट रस्त्यावर ती चालवायची, ओढ्यावरच्या साकवापाशी, जिथून उतार लागतो, तिथे मात्र थांबायची. आईकडे जायचं तर डिचोली, म्हापसा अशा बसगाड्या बदलत अख्खा दिवस जायचा, म्हणून जाणंच सुटत चाललं होतं. आई आता चालताना भिंत धरते, हे ती फोन ठेवल्यावर मला सांगायची आणि मग उगाच भांडी घासत बसायची.

मी तिला माझं शहाणपण ऐकवलं. उतार पाडत नाही, उतारच सांभाळतो, त्याच्याबरोबर जायचं असतं, वगैरे.

"तुमच्या बर्फात सांभाळीत आसात," ती म्हणाली. "हयसर खडी आसा. आनी मी काय तुमचा गिऱ्हाईक नाय."

नाकावर राग तिच्याही आहे आणि माझ्याही. माझ्या डोक्यातलं यंत्र मात्र सुरू झालं होतं. वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी, भात कापून झालेलं, नदीकाठचं आमचं शेत कडक वाळून पडलेलं. पावसाआधी तिथे कोणी फिरकत नाही. मी फावडं घेतलं, पाट्या घेतल्या, आणि खळं करायला वापरतात ते चोपणं माळ्यावरून काढलं. माती ओढली, पाणी शिंपडलं, चोपून चोपून घट्ट केली, वरून शेणाने सारवलं. एक उंचवटा घोट्याएवढा, पुढचा गुडघ्याएवढा, आणि शेवटी शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, सुटणारा एक लांब उतार. बर्फात जसं ओळीने मांडतो तसंच. आणि प्रत्येकाच्या बाजूने मोकळी वाट, ज्याला नको त्याने वळून जावं म्हणून.

शेजारचे काका मेरेवर येऊन उभे राहिले. "कोणाच्यो समाध्यो रे ह्यो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अजून कोणी मेलेलं नाही. ते बराच वेळ सारवलेल्या मातीकडे बघत राहिले आणि मान हलवत निघून गेले.

बायकोने एकदा येऊन पाहिलं, तोंड वाकडं केलं, पण स्कूटर शेतात आणली. पहिल्या उंचवट्यापाशी आली आणि बाजूच्या वाटेने गेली. दुसऱ्यापाशीही तसंच. मी काठावर उभा राहून हात हलवत होतो, गाडी सरळ घे, सरळ घे म्हणून ओरडत होतो. तिने गाडी बंद केली आणि म्हणाली, "तुमी उबे रवल्यात मगे माका जमाचा नाय." मला राग आला. सगळी पाठ मोडेपर्यंत खपलो होतो. तरतरा घरी गेलो आणि पडवीत आडवा झालो.

त्यानंतर रोज, माझ्या दुपारच्या झोपेत, दूरवर स्कूटरचा आवाज यायचा. मी तो स्वप्नात ऐकायचो आणि मला वाटायचं की बर्फाचं यंत्र चाललंय. संध्याकाळी शेतावर गेलो की तिच्या चाकांच्या खुणा दिसायच्या. बर्फातही मी तेच करतो. उतार बंद झाला की खुणा वाचतो. माणूस आपल्याला जमलं म्हणून सांगतो, पण खूण खरं काय ते सांगते. इथल्या खुणा सगळ्या बाजूच्या वाटेने होत्या. एकही उंचवट्यावरून नव्हती. मी हिरमुसलो.

मग एका संध्याकाळी उकिडवा बसून नीट बघितलं. खुणा बाजूच्या वाटेने होत्या खऱ्या, पण रोज जरा आत सरकत होत्या. उंचवट्याला अगदी खेटून चाक गेलं होतं. एका जागी सारवणाचा कोपरा फुटला होता. तिने चाक वर घालून पाहिलं होतं आणि ते चढलं नव्हतं, कारण मी खळं करायच्या सवयीने कडा उभ्या कापल्या होत्या, चौथऱ्यासारख्या. यायचं असेल तर समोरून, पूर्ण उंचीवर या, नाहीतर येऊच नका, असं माझी ती माती तिला सांगत होती. बर्फातही मी तेच करत आलो होतो. घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा. त्या दोहोंच्या मधलं काही मी कोणाला दिलंच नव्हतं.

मी फावडं आणलं आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा तासून लांबवर उतरत्या केल्या. आता मधून गेलं तर पूर्ण उंची, जरा बाजूने गेलं तर त्याहून कमी, अगदी काठाने गेलं तर बोटभरच. किती घ्यायचं ते जाणाऱ्याने ठरवावं. घरी जाऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी खूण उंचवट्याच्या अंगावर होती, अगदी खालच्या काठाला. नंतर त्याच्या जरा वर. मग त्याहून वर. ते दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. दुपारभर झोपेत तो आवाज, आणि ऊन कलल्यावर लाल मातीवरची ती एक ओळ, जी हळूहळू वर चढत होती. मी रोज संध्याकाळी शेण कालवून मातीवर नवा हात फिरवायचो, म्हणजे उद्याची खूण स्वच्छ उठावी. आम्ही जेवताना कढीबद्दल बोलायचो, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलायचो. शेताचा विषय कोणीच काढायचं नाही. मी इतका सुखात फार कमी वेळा असेन.

शेवटी ती दुसऱ्या उंचवट्याच्याही माथ्यावरून गेली. मेरेवरचा लांब उतार मात्र राहिला. त्याच्या तोंडाशी येऊन चाकं थांबलेली दिसायची, पाय टेकवल्याची चप्पल उमटलेली दिसायची, आणि मग वळसा. पुढे पाऊस लागला, नांगर आला आणि सगळं सपाट झालं. माझे सगळेच पार्क असेच जातात, पण या वेळी मला वाईट वाटलं. काम अर्धं राहिलं होतं. शेतात पाणी भरलं, रोप लागलं. स्कूटर पुन्हा ताडपत्रीखाली गेली. हिवाळ्यात मी परत निघणार आणि ती परत बसच्या थांब्यावर उभी राहणार, असंच मी मनाशी धरून चाललो.

निघायच्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं. मी टॅक्सीवाल्याला फोन लावत होतो. बायको साडी बदलून पंजाबी ड्रेसमध्ये बाहेर आली, डोक्यावर हेल्मेट.

"बॅग फुडें ठेवा," ती म्हणाली. "मोपाक मी सोडतंय. थंयसून आईकडे जातंय."

मोपाचा विमानतळ पेडण्यात आहे. तिथून हरमल फार लांब नाही, पण मधे ती घाटी आहे. मी म्हटलं, टॅक्सी येतेय. ती म्हणाली, येवंदे. मी मागे बसलो. वाटेतल्या प्रत्येक उतरणीवर माझे हात तिच्या खांद्यावर आवळले जात होते. दुसऱ्यांना उतारावर सोडायचं काम करणारा मी, डोळे मिटून बसलो होतो. ती सावकाश चालवत होती. एकदा म्हणाली, "दुखता माका. हात सोडा." मी सोडले.

मोपाला तिने बॅग उतरवून दिली. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. हो म्हणाली आणि गेली. विमानतळाच्या काचेतून तिचं हेल्मेट गाड्यांच्या रांगेत शिरताना दिसलं, मग दिसेनासं झालं.

आत बसलो. पोचायला जेवढा वेळ लागायला हवा तेवढा गेला. मग त्याच्याहून जास्त गेला. मला ती खडी दिसायला लागली, ते वळण, आडवी पडलेली गाडी. फोन लावला, वाजून बंद झाला. सासूला लावला, ती म्हणाली, अजून आली नाय गो बाय. माझ्यासारख्या गड्याला बाय म्हणण्याइतकी तीही घाबरली होती. विमानात बसायची रांग लागली. मी रांगेतून बाहेर पडलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. जायचं नाही, असं जवळजवळ ठरवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलंय," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडताच मी तिच्यावर खेकसलो. एवढा वेळ कुठे होतीस? किती उशीर हा?

पलीकडे समुद्राचा वारा ऐकू येत होता. ती धापा टाकत होती, पण आवाजात हसू होतं.

"घाटी उतारलंय," ती म्हणाली. "मगे गाडी वळवलंय, परत वर गेलंय, आनी परत उतारलंय."

"कित्याक?" मी विचारलं.

"असांच," ती म्हणाली. "बरां वाटला."