गुरुवारचा डाव

अर्डिथ कोसाटकाच्या शिवणाच्या डब्यातली बावीस बटणं अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळत होती. अकरा काळी, अकरा पांढरी. दर बुधवारी जेवणं आटोपली की तिचा नवरा लुमीर टेबलावरचं मीठ-मिरी बाजूला सारून ती मांडायचा आणि ती भांडी विसळता विसळता म्हणायची, "तुझं डावीकडचं बटण झोपलंय बघ."

लुमीर प्लम क्रीकच्या कॉलेजात दुय्यम कोच होता. सव्वीस वर्षं. किक मारणाऱ्या मुलांची तालीम त्याच्याकडे. फाटक्या जर्सी तो घरी आणायचा आणि अर्डिथ शिवायची. त्याबद्दल तिला कुणी कधी विचारलं नाही, तिनेही कधी विषय काढला नाही.

या बटणांतून त्याने एक डाव रचला होता. नाव ठेवलं होतं बुख्टा, कारण त्याच्या आईचा बुख्टा वरून साधा पाव दिसायचा आणि आत आलुबुखाराचं सारण निघायचं. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही तर चेंडू समोरच्यांना जातो. म्हणून चौथ्या प्रयत्नाला जपून खेळणारे तो लाथेने लांब उडवून मोकळे होतात. बुख्ट्यात किक मारणारा नुसताच पाय उडवी आणि तोंड वासून आभाळाकडे बघत राही. चेंडू असायचा त्याच्या पुढ्यात ओणव्या उभ्या असलेल्या गड्याच्या मांडीआड. समोरचे वर चेंडू शोधताहेत तोवर गडी डावीकडून पसार.

दर गुरुवारी मुलं त्याची तालीम करायची. सामन्यात एकदाही नाही. कारण हेड कोच वेन थोर्सन. लख्ख उन्हात या माणसाच्या गाडीत छत्री असे, आणि छत्री उडालीच तर म्हणून रेनकोट. गुरुवारी बुख्ट्याची वेळ झाली की तो नेमका दुसऱ्या टोकाला जायचा. "छान आहे, लुमीर. पुढच्या वेळी बघू."

ऑगस्टमध्ये मात्र तो अर्डिथच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. "लुमीर, तुझं शेवटचं वर्ष. यंदा बुख्टा खेळायचाच. शब्द आहे माझा." असं म्हणत त्याने तीन बुख्टे खाल्ले. अर्डिथने मोजले नव्हते, पण तिला आठवत होते.

शनिवारी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला. चार मिनिटं उरलेली, तीन गुणांनी मागे, चेंडू समोरच्यांच्या सदतिसाव्या यार्डावर. चौथा प्रयत्न, आणि हवे होते फक्त दोन यार्ड. बुख्टा याच जागेसाठी जन्माला आला होता. गॅलरीत अर्डिथने मांडीवरची घोंगडी मुठीत घट्ट धरली. खाली लुमीरने थोर्सनकडे पाहिलं. थोर्सनने मान हलवली. नाही.

किक बसली, चेंडू थेट मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात गेला आणि नियमाप्रमाणे समोरच्यांना विसाव्या यार्डावर मिळाला. त्यांनी तो पुन्हा सोडलाच नाही.

गाडीत ती म्हणाली, "सतरा यार्ड! सतरा यार्डांसाठी चेंडू देऊन टाकला! माझ्या परसातली वाळत घालायची दोरी त्याहून लांब आहे."

"तेवढी नाहीये."

"लुमीर!"

"कोचची काही कारणं असतील."

"असतील ना. भित्र्याकडे कारणांना काय तोटा?"

तो खिडकीबाहेर कापणी झालेली मक्याची शेतं बघत राहिला. तिला नवऱ्याचा राग आला, मग त्याच्या डोक्यावरच्या कॉलेजच्या टोपीकडे नजर गेली आणि तो राग वळून जिथे जायला हवा होता तिथे, थोर्सनकडे, गेला.

सोमवारी गावच्या हॉलमध्ये नेहमीचं जेवण होतं. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. जेवता जेवता हेड कोच सामन्याचं चित्रण दाखवी आणि गावकरी प्रश्न विचारत. वाढायला कोच मंडळींच्या बायका. बायकांनी प्रश्न विचारायचे नाहीत हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तीस वर्षांत एकीनेही विचारला नव्हता.

न्हावी एमिल कुबिकने चमचा वर केला. "कोच, दोन यार्ड होते हो. दोन! मी या उतारवयात लंगडतही गेलो असतो."

हॉल हसला. थोर्सनही हसला. "एमिल, तुम्ही केस कापताना तरी जोखीम घेता का?"

"माझी गिऱ्हाइकं परत येतात. तो चेंडू आला?"

थोर्सनने घसा साफ केला. "एक डाव होता. पण खरं सांगायचं तर मुलांची तेवढी तयारी नव्हती. लुमीरने मेहनत घेतली, त्याच्या निष्ठेबद्दल आपण आज त्याला ही मानाची पाटी देणार आहोत, पण तयारी..."

अर्डिथने चिलीचा डाव पातेल्यात सोडला. आवाज मोठा झाला.

"कोच, तुम्ही बुख्टा बघितलाय कधी?"

"अर्डिथ, हे असं जेवताना..."

"अकरा वर्षांतला एक गुरुवार सांगा. एकच. तुम्ही पाठ करून उभे असायचात. न बघताच तयारी नव्हती हे कसं ठरवलंत? डाव खेळला नाहीत तो तुमच्या भित्रेपणापायी. तो तुमच्याकडेच ठेवा, माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घालू नका. आणि ऑगस्टात तीन बुख्टे खाऊन शब्द दिला होतात, तो कुठे वाळत घातलात?"

लुमीर उठला. पाटी घ्यायला, असं सगळ्यांना वाटलं.

"तयार होती मुलं," तो म्हणाला. "कोच, ती सप्टेंबरपासून तयार होती."

"मग दाखव की!" एमिल खुर्ची सरकवून उठला. "फार्मसिस्ट, इकडे उभे राहा. अरे, टेबल हटवा रे!"

सहा-सात माणसं कुरकुरत रांगेत उभी राहिली. एमिल वाकला. चेंडूच्या जागी एक लांबट पाव. चेंडू कुठे लपणार ते लुमीरने सगळ्यांना सांगितलं आणि तो मागे गेला. त्याच्या पुढ्यात ओणवं व्हायला कोणीच पुढे येईना, तेव्हा अर्डिथ ॲप्रनसकट जाऊन उभी राहिली. कुठे उभं राहायचं हे तिला बटणांवरून पाठ होतं.

एमिलने दोन पायांतून पाव मागे फेकला. लुमीरने पाय असा उडवला की चौसष्टाव्या वर्षी त्याचा बूट निसटायचा राहिला. मान मागे टाकून, तोंड वासून तो छताकडे बघत राहिला. हॉलमधल्या माना छताकडे गेल्या. सगळं आधी सांगून झालं होतं, तरी गेल्या. थोर्सनचीही गेली.

माना खाली आल्या तेव्हा अर्डिथ पाव छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथवर तिला कोणी हातही लावला नव्हता.

हशा पिकला, टाळ्या पडल्या. थोर्सन लाल झाला. "हा हॉल आहे. मैदानावर..."

"मैदानावरही वरच बघितलं असतं," लुमीर म्हणाला आणि पाटी न घेताच बसला.

अर्डिथला हसू आलं नाही. अकरा वर्षांचे गुरुवार, आणि खेळ तीन सेकंदांचा, तोही पावाने. तिने डाव पातेल्यातून काढून पुसला आणि पुन्हा वाढायला लागली. थोर्सनने वाडगा पुढे केला, तिने त्यात चिली घातली.

"रोल?" त्याने हळूच विचारलं.

"पुढच्या वेळी बघू," ती म्हणाली आणि रोलचं ताट पुढच्या माणसाकडे नेलं.